श्यामची आंघोळ

जुन्या बालसाहित्यातली आज खटकणारी वाक्ये बदलावीत की जशीच्या तशी ठेवावीत, हा वाद आपल्याकडे अधूनमधून पेटतो, आणि तावातावाने भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मंडळींनी ती पुस्तके शेवटची लहानपणीच वाचलेली असतात, असा मला दाट संशय आहे. मी स्वतः त्याला अपवाद नव्हते. जर्मनीत आल्यापासून ‘श्यामची आई’ची प्रत माझ्या कपाटात आहे; परंतु परमुलखात अशा पुस्तकाचा देव्हाऱ्यातला टाक होतो. आपण त्यावरची धूळ पुसतो, ते जागेवर ठेवतो आणि उघडत मात्र नाही.

इथला वाद मी जवळून पाहिला आहे. स्वीडिश लेखिका आस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या बालकथांतली नायिका पिप्पी हिच्या वडिलांच्या ‘राजा’ या उपाधीला जर्मन अनुवादात कृष्णवर्णीयांसाठीचा हीन शब्द जोडलेला होता. २००९ पासून ते दक्षिण समुद्राचे राजे झाले. २०१३ मध्ये जर्मन बालसाहित्यिक ओटफ्रीट प्रॉइसलर यांच्या छोट्या चेटकिणीच्या गोष्टीतून तसेच शब्द वगळण्याचे प्रकाशकाने जाहीर केले, तेव्हा मोठे वादळ उठले. मला तो बदल योग्य वाटला, कारण तेवढा शब्द गेल्याने गोष्टीचा एकही टाका उसवत नव्हता. हाच नियम आपल्या पुस्तकांनाही लावावा, असे मी तेव्हा मोठ्या आत्मविश्वासाने म्हणत असे.

मग मुलीला मोठ्याने वाचून दाखवण्याच्या निमित्ताने मी ‘श्यामची आई’ पुन्हा हाती घेतले. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसा मनालाही जप, हा प्रसंग अजूनही तितकाच हलवतो. वडील अळणी भाजी मुकाट्याने खातात, त्या प्रसंगात मात्र लहानपणी त्यांचा मोठेपणा दिसला होता. आता प्रथम हे दिसले की सर्वांची जेवणे झाल्यावर आई स्वतः जेवायला बसते, म्हणूनच चूक तिला इतक्या उशिरा कळते.

खरी अडचण मोळीच्या प्रसंगात आली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका म्हातारीच्या डोक्यावर लाकडांची मोळी चढवून दे, असे आई श्यामला सांगते, आणि घरी येऊन आंघोळ कर, असेही सांगते. लहानपणी मला केवळ करुणा आठवत राहिली होती, आंघोळ पार पुसली गेली होती. आणि त्या रात्री वाचताना मी ते आंघोळीचे वाक्य गुपचूप गाळले! संपादनाच्या वादात निवाडे देणारी मी, एका दमात संपादक झाले होते.

साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांच्या लेखनावरील हक्काची साठ वर्षांची मुदत २०१० अखेर संपली, त्यामुळे आज ही कात्री कोणीही चालवू शकतो. तरीही ती इथे चालवू नये, असे मला आता वाटते. पिप्पीच्या गोष्टीतला तो शब्द कडेला होता. इथे मात्र आंघोळ हीच त्या प्रसंगाची गाठ आहे. शास्त्र मोडायचे धाडस नसलेली, पण म्हातारीला तसेच टाकून जाणेही न सोसणारी आई त्या एका वाक्यात उभी आहे. आणि त्याच आईच्या मुलाने पुढे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. आंघोळ गाळली, तर तिथपर्यंतचे अंतर किती होते, हे वाचणाऱ्या मुलाला कसे कळणार? (दोनचार ओळींची टीप मात्र अवश्य द्यावी, टिपांचे आपल्याला उगीचच वावडे आहे.)

दुसऱ्या रात्री मी तो प्रसंग पुन्हा, काही न गाळता वाचला. आंघोळ का, असा प्रश्न येईल म्हणून उत्तर जुळवून ठेवले होते. मुलीने विचारले ते निराळेच: ती आजी घरी जाऊन काय म्हणाली असेल? गोष्ट श्याम सांगतो आहे, आणि श्याम काही तिच्याबरोबर तिच्या घरी गेला नव्हता, एवढेच मला सांगता आले.