एक बैल, दोन बैल आणि इंग्रजीचा तास

पालकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर वारंवार फिरतो आहे. त्याचा आशय असा: जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत 'माझे घर', 'बाजार', 'पाऊस', 'सण' असे रोजच्या जगण्यातले विषय घेऊन इंग्रजी शिकवणे हा पोरखेळ आहे. आधी व्याकरण पक्के करावे, अक्षरे आणि स्पेलिंग घोटून घ्यावीत. घरी कुणी इंग्रजी बोलत नसताना खेड्यातल्या मुलाला ती ऐकून येणार नाही. शेत आणि बकऱ्या इंग्रजीत सांगून उपयोग तरी काय? आणि इंग्रजी खरोखरच हवी असेल तर सगळे विषय इंग्रजीतूनच शिकवावेत. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवतो. हा मजकूर लिहिणाऱ्याची तळमळ मला खोटी वाटत नाही. त्याचे मुद्दे मात्र वर्गात टिकत नाहीत.

व्याकरणाच्या मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण बाकीचे बरेचसे त्यावरच उभे आहे. अनेकवचनाला 'एस' लागतो हा नियम मुले एका दिवसात पाठ करतात आणि दुसऱ्या दिवशी "टू बुलक" म्हणतात. पुष्कळ वर्षे मी याला दुर्लक्ष समजत होतो. नंतर ध्यानात आले की चूक मुलांच्या मराठीतून येते, आणि ती अगदी तर्कशुद्ध आहे: आपण एक बैल म्हणतो आणि दोन बैलच म्हणतो, शब्दाचे रूप तसूभरही हलत नाही. बकरीचे तसे नाही. एक बकरी, दोन बकऱ्या. तेव्हापासून मी अनेकवचनाची सुरुवात बकऱ्यांपासून करतो. "वन गोट, टू गोट्स" म्हणताना शेवटी काहीतरी बदलायचे असते हे मुलांच्या कानाला आधीच ठाऊक असते, आणि ती सवय लागल्यावर बैलाकडे वळता येते. तान्ह्या पोळ्याच्या सुमारास मुले आपापले लाकडी बैल वर्गात आणतात आणि "माय बुलक हॅज टू हॉर्न्स" हे वाक्य तीस तोंडांतून तीस वेळा निघते. मराठीत आपण 'बैलाला दोन शिंगे आहेत' असे म्हणतो. 'हॅज'सारखे क्रियापद आपल्याकडे नाही, म्हणून त्याची व्याख्या सांगून काही साधत नाही. ते बैलासोबत येते, पुढच्या महिन्यात "माय मदर हॅज अ सिकल" म्हणताना परत भेटते आणि तिसऱ्या खेपेला मुलांचे होऊन जाते. हे व्याकरणच आहे, फक्त त्याला तक्ता नाही. (झुलीसाठी इंग्रजी शब्द मी शोधला नाही. "माय बुलक हॅज अ रेड झूल" असेच आम्ही म्हणतो आणि त्यात कुणाचे काही बिघडत नाही.)

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पुष्कळ शाळांत विषयाधारित शिकवणे म्हणजे या आठवड्यात दहा भाज्यांची नावे आणि पुढच्या आठवड्यात दहा प्राण्यांची, असा प्रकार चालतो. तसे असेल तर मजकुरातली टीका रास्त आहे. नामांच्या याद्या म्हणजे भाषा नव्हे. विषय बदलला तरी वाक्याचा साचा पुढे चालत राहिला पाहिजे, आणि ही काळजी शिक्षकालाच घ्यावी लागते.

अक्षरे आणि स्पेलिंग नकोत असे कुणीच म्हणत नाही. वाद आहे तो क्रमाचा. आपली मुले देवनागरीत जसे बोलतात तसेच लिहायला शिकलेली असतात. 'बट' आणि 'पुट' या दोन्ही शब्दांत मधले अक्षर तेच 'यू' आहे, हे त्यांना अन्यायच वाटते. शब्द आधी कानावर पडलेला असेल तर हा अन्याय निदान सोसता येतो. वाचनासाठी सामग्रीही दूर शोधावी लागत नाही. आमच्या गावात क्वचितच असे घर असेल जिथे युरियाचे रिकामे पोते बसायला किंवा धान्य वाळवायला वापरत नाहीत. त्यावरचे 'भारत' आणि 'युरिया' हे ठळक रोमन अक्षरांतले शब्द दुसरीतली मुले बोट ठेवून वाचतात, आणि पंचेचाळीस किलोचा आकडा "फॉर्टी-फाइव्ह" म्हणून सांगतात.

घरी इंग्रजी नाही, हे अर्धेच खरे आहे. स्टार्टर, फ्यूज, ट्रॉली, चार्जर, रिचार्ज, बॅलन्स हे शब्द आमची मुले शाळेत येण्यापूर्वीच बोलतात. मात्र अडचण जिथे दाखवली जाते तिथे नाही. एकदा मी फळ्यावर 'कोरिअँडर म्हणजे कोथिंबीर' असे लिहिले, तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, कोथिंबीर म्हणजे?" तिच्या घरी त्याला सांबार म्हणतात, आणि तो शब्द तर सगळ्या वर्गाला येत होता. म्हणजे प्रमाण मराठीतून भाषांतर करून शिकवताना मी मुलांना एका परक्या शब्दावरून दुसऱ्या परक्या शब्दाकडे नेत होतो. सांबाराची जुडी हातात दिली की मधला टप्पाच गळून पडतो. झरी जामणी, पांढरकवडा या भागांत कोलामी बोलणाऱ्या घरांतून येणाऱ्या मुलांसाठी तर मराठीच शाळेतली पहिली नवी भाषा असते. त्यांना वस्तू दाखवून शिकवणे हा सोयीचा नव्हे, गरजेचा भाग आहे. तास तोकडा पडतो हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून हजेरीच्या वेळी आणि खिचडी वाढताना तीच दोन-चार वाक्ये रोज बोलावी लागतात. "सम मोअर, प्लीज" हे वाक्य मला कधीच पाठ करून घ्यावे लागले नाही.

शेतातल्या इंग्रजीचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना २०१७ साल आठवत असेल. त्या हंगामात आमच्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजूर दगावले. कीटकनाशकाच्या लेबलावर विषारीपणा दाखवणारी रंगखूण असते: लाल सर्वांत जहाल, मग पिवळी, निळी आणि हिरवी. लाल आणि पिवळ्या खुणेसोबत 'पॉयझन', निळ्यासोबत 'डेंजर' आणि हिरव्यासोबत 'कॉशन' असे शब्द असतात. रंगांचा पाठ घेताना मी हे चार रंग आणि तीन शब्द फळ्यावर काढून शिकवतो. डबे वर्गात आणायला सक्त मनाई आहे. चौथीतल्या मुलाला घरच्या डब्याकडे लांबून पाहून "बाबा, याच्यावर पॉयझन लिहिलं आहे" एवढे सांगता आले, तर त्या पाठाला पोरखेळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

राहिला सगळेच इंग्रजीतून शिकवण्याचा आग्रह. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी हा विषय आहे, त्यामुळे 'इंग्रजी हवी की नको' हा प्रश्न केव्हाच मागे पडला. शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते. आमच्या बाजूचे काही जण या वादात १९३७ च्या वर्धा परिषदेचा आणि गांधीजींच्या 'नई तालीम' या शिक्षण योजनेचा दाखला देतात, तोही मला पटत नाही. त्या योजनेत रोजच्या कामातून शिक्षण होते, पण इंग्रजी नव्हतीच. माझा अनुभव याहून साधा आहे. तिसरीच्या वर्गात मी एकदा वजाबाकीचे उदाहरण मुद्दाम इंग्रजीत घातले. संत्र्यांचे चित्र काढले, चार संत्री खाल्ली असे सांगितले आणि विचारले, "हाउ मेनी ऑरेंजेस आर लेफ्ट?" त्याच्या आदल्याच आठवड्यात आम्ही 'लेफ्ट' आणि 'राइट' शिकलो होतो. वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाने पुढे येऊन चित्राच्या डाव्या बाजूची संत्री मोजली. तोच प्रश्न मराठीत विचारल्यावर जागेवर परत जाता जाताच त्याने उत्तर दिले.