औटकी आणि एकशे बासष्ट

आमच्या कारखान्यात नवे मॅनेजर आले ते धारवाडहून, आणि येताना एक परीक्षा घेऊन आले. स्टोअर, डिस्पॅच, शॉप फ्लोअर, सगळ्यांनी बसायचं. विषय दोन: तोंडी हिशेब आणि मेकॅनिकलची प्राथमिक गणितं. कॅल्क्युलेटर नाही, मोबाईल गेटवर जमा. नापास झाल्यास काय, हे नोटिशीत लिहिलं नव्हतं आणि खरी भीती त्याचीच होती.

मी स्टोअरकीपर. कुठलं बेअरिंग कुठल्या रॅकवर, ओ-रिंगचं पाकीट कुणी फोडून गुपचूप परत ठेवलं, हे मी डोळे मिटून सांगेन. पण 'ड्रायव्हर गिअरला 20 दात, ड्रिव्हनला 60, तर वेग किती?' असं कागदावर आलं की दातखीळ माझी बसते. त्यात भाषांची खिचडी. पाढे मी मराठीत पाठ केलेले, साहेब आकडे कानडीत सांगणार आणि पेपर इंग्रजीत. बेळगावच्या खडेबाजारात आम्ही रोज तिन्ही भाषांत घासाघीस करतो म्हणा, पण तिथं कोणी मार्क देत नाही.

घरात इंजिनिअर असताना बाहेर कशाला जायचं, म्हणून आधी मुलाला धरलं. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. 1998 साली व्हीटीयू, म्हणजे इंजिनिअरिंगची युनिव्हर्सिटी, निघाली आणि तिचं मुख्यालय आमच्याच बेळगावात, मच्छेला आलं. तेव्हापासून आमच्या गल्लीत एक तर इंजिनिअर राहतात, नाहीतर बॅक राहिलेले इंजिनिअर. त्याला विचारलं, "18 मिलीमीटरचा राउंड बार. एक मीटरचं वजन किती?" त्यानं वही ओढली. पाय बाय फोर, डी स्क्वेअर. मिलीमीटरचे मीटर. पोलादाची घनता 7850 किलो प्रति घनमीटर. पान भरलं. शेवटी म्हणाला, "पप्पा, फोन द्या की जरा." उत्तर आलं 1.9976. मी म्हटलं, "दोन किलो म्हणूया का?" त्यावर तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याच्या सरांना शिवी दिली.

दुसऱ्या दिवशी लोखंडाच्या दुकानात माल घ्यायला गेलो होतो, तिथल्या म्हाताऱ्या दिवाणजींना सहज तेच विचारलं. त्यांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "अठराचा वर्ग तीनशे चोवीस, भागिले एकशे बासष्ट. दोन किलो."

"पंचवीसचा?"

"सहाशे पंचवीस भागिले तेच. तीन किलो साडेआठशे, वरचं काय ते तुमचं नशीब."

एकशे बासष्टच का, असं विचारल्यावर मात्र दिवाणजी गप्प झाले. मालक हाच आकडा वापरायचे, त्यांचे वडीलही हाच. एवढं सांगून त्यांनी पुढच्या गिऱ्हाईकाकडे तोंड वळवलं. रात्री मुलाला सांगितलं, तर तो इरेला पेटून बसला. 7850 ला पाय बाय फोरनं गुणलं, मिलीमीटरपायी दहा लाखानं भागलं, उलटं केलं, आणि जेवण गार झाल्यावर वही घेऊन आला. आकडा 162 आणि वर किरकोळ. "पप्पा, बरोबर आहे हो त्यांचं!" दिवाणजींना हे कळवावं की नाही याचा मी बराच विचार केला. पण आपलं बरोबर असल्याचं त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं म्हणून त्यांचं काही अडलं नव्हतं.

मग अनगोळचे मामा. जन्मभर लेथवर उभे राहिलेले टर्नर. वही घेऊन दारात उभा राहिलो तर, "काय करूलालास रे ह्या वयात?" मामांना मिलीमीटर मान्य नाही. त्यांचं सगळं सुतात चालतं. इंचाचे आठ सूत. पाच सूत म्हणजे किती मिलीमीटर, हे मी कागदावर मांडत बसलो आणि 15.875 पर्यंत पोचलो. मामा म्हणाले, "सोळा धर आणि एक हलका कट मार." मामा, परीक्षेत कट मारायला लेथ नसते. "मग ती परीक्षा कसली?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

गिअर मात्र त्यांनी झकास सांगितले. वीस दातांनी साठ दात फिरवायचे तर लहान चाकाचे तीन फेरे होतात तेव्हा मोठ्याचा एक. "आणि मामा, मधे तिसरं चाक असलं तर?" मधलं चाक म्हणे लग्न जुळवणाऱ्यासारखं. तोंडं कुठल्या दिशेला फिरायची ते ठरवतं, पण हिशेबात कुठं धरायचं नाही. त्याला पंधरा दात असोत की पन्नास, वेगात फरक शून्य. पुस्तकात यालाच आयडलर गिअर म्हणतात. मामांचं ऐकल्यावर तो जो डोक्यात बसला तो बसलाच.

पुलीसाठी पिठाच्या गिरणीत गेलो. मोटर 1440 फेऱ्यांची, तिच्यावर चार इंची पुली, जात्यावर बारा इंची. म्हणजे तिसरा हिस्सा, 480. गिरणीवाला म्हणाला, पट्टा ढिला असेल तर तेवढेही नाहीत. तो परीक्षेत ढिला नसतो, असं मी सांगितल्यावर त्यानं पेपर काढणाऱ्याचा पत्ता मागितला.

राहिला घेर. व्यासाला बावीस सप्तमांशानं गुणायचं, हे प्रकरण मला शाळेपासून छळत आलंय. जेवायला बसलो तरी मी 'साडेतीन गुणिले बावीस भागिले सात' पुटपुटत होतो. समोर आई लसूण सोलत होती. खानापूरकडची, चौथीपर्यंत शिकलेली, पण पावकी, निमकी, दिडकी, औटकी असले अपूर्णांकांचे पाढे सगळे तोंडपाठ. साडेतीन ऐकलं आणि लसूण न थांबवता तिनं सुरू केलं, "एक औट साडेतीन, बे औट सात, तीन औट साडेदहा..."

"आई, पाढा नको. हे गोल आहे."

"गोल असू दे. सातात किती म्हणालास?"

"बावीस."

"मग सात म्हणजे दोन औट. दोन औटात बावीस, तर एका औटात अकरा. ह्यात परीक्षा कसली घ्यायलेत?"

मी घास हातात धरून तसाच बसलो.

पेपरात नेमकं तेच आलं. साडेतीन इंच व्यासाच्या रोलरवर पट्टीचे 20 वेढे, तर पट्टी किती? मी 220 इंच लिहून मोकळा झालो. मग खाली बघतो तर बारीक अक्षरात 'स्टेप्स दाखवा'. मी लिहिलं: एका औटात अकरा.

चार दिवसांनी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. उत्तराचा एक मार्क दिला होता, स्टेप्सच्या तीन मार्कांसमोर प्रश्नचिन्ह. "ये क्या है, औट?" मी अर्ध्या कानडीत, अर्ध्या हिंदीत समजावलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"सात इंच?"

"बावीस, साहेब."

"साडेदहा?"

"तेहतीस."

"चौदा?"

"चव्वेचाळीस."

साहेब आता खुर्चीत पुढं सरकले होते. "और बारा इंच का रोलर होगा तो?"

"साहेब," मी म्हटलं, "वो साइज अपने स्टोअर में नहीं आता."