सहाशे रुपये आणि दोन टोप भात

आज दुपारी गंगापूर रस्त्यावरच्या एका लॉन्सवर दोन टोप भात माझ्या डोळ्यांदेखत वाया गेला, आणि तो सहाशे रुपयांच्या वादापायी गेला. घरी येऊन चार तास झाले तरी मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायला बसले आहे. पोस्ट लांबणार आहे. पण माझ्या यादीतली माणसे ताटात शीतही न टाकणाऱ्या घरांत वाढलेली आहेत, त्यामुळे ती शेवटपर्यंत वाचतील याची मला खात्री आहे.

लग्न नात्यातले होते. मुहूर्त बारा पस्तीसचा होता, पण आशीर्वाद द्यायला आलेल्या पुढाऱ्यांची भाषणे एकामागून एक चालली आणि अक्षता पडायला दीड वाजून गेला. आजची तिथी दाट, एकेका माणसाला दोन-तीन लग्ने गाठायची. त्यामुळे निम्मी मंडळी तोंड दाखवून, आहेराचे पाकीट हातात ठेवून, न जेवताच पुढच्या लग्नाला निघून गेली. केटररला ताटांचा आकडा आधी कबूल केलेला असतो, आणि तो आकडा नेहमी चार पाहुण्यांसमोर मान खाली जाऊ नये या भीतीने ठरवलेला असतो. अडीच वाजता आचाऱ्याने सांगितले की मसालेभाताच्या दोन टोपांना अजून हातही लागलेला नाही आणि ते बारा वाजता उतरवलेले आहेत. मी लगेच आमच्या नाशिकमध्ये उरलेले अन्न गोळा करून वाटणाऱ्या एका छोट्या संस्थेला फोन केला. तीनच्या सुमारास त्यांची दोन मुले टेम्पो घेऊन आली. स्वतःचे घासलेले टोप, झाकणे आणि मोठे डाव घेऊनच आली.

मी तेव्हा आत होते. बाहेर आले तेव्हा नवरदेवाचे काका त्या मुलांवर आवाज चढवून बोलत होते. मुलांनी मठ्ठा आणि पनीरची भाजी घ्यायला नम्रपणे नकार दिला होता आणि टेम्पोच्या भाड्याचे सहाशे रुपये देता येतील का, असे विचारले होते. काकांचे म्हणणे असे की, "आम्ही एवढे अन्न फुकट देतोय, त्यात तुम्ही निवड करणार आणि वर आमच्याकडेच पैसे मागणार? हा धंदा झाला!" मुले शांतपणे समजावत राहिली, आणखी दोघे-तिघे नातेवाईक गोळा झाले, कोणीतरी संस्थेचे नोंदणीपत्र मागितले, कोणीतरी मोबाईलवर चित्रीकरण सुरू केले. यात पाऊण तास गेला. शिजवल्यापासून चार तासांच्या आत अन्न माणसाच्या ताटात पडले पाहिजे, हा त्या संस्थेचा नियम आहे. मी पैसे काढून पुढे केले तेव्हा चार वाजायला आले होते. त्यातल्या थोरल्या मुलाने झाकण उघडले, खालून भात वर काढून वास घेतला आणि मान हलवली. पुऱ्या आणि बुंदी घेऊन ती मुले गेली. दोन टोप भात लॉन्सच्या मागच्या बाजूला ओतला गेला. सकाळी घंटागाडी येईल आणि तो उचलून नेईल.

दीडशे माणसे त्या भातावर सहज जेवली असती. सहाशे रुपये भागिले दीडशे म्हणजे माणशी चार रुपये होतात. त्या लग्नातल्या एका ताटाचा दर साडेचारशे रुपये होता. साडेचारशे रुपयांचे ताट टाकून देताना कोणाचा हात थरथरला नाही, आणि ते भुकेल्या माणसापर्यंत पोहोचवायला चार रुपये मागितले तेव्हा मात्र धंदा झाला!

मला हे सगळे इतके लागण्याचे कारण तीन वर्षांपूर्वीचे आहे. आमच्या नव्या घराची वास्तुशांत होती, साठ पाने धरली होती, आणि दिवसभर लागलेल्या पावसामुळे पस्तीसच माणसे आली. तेव्हा याच संस्थेला मी पहिल्यांदा फोन केला. त्या दिवशी त्यांच्याकडे एकच मुलगा होता, म्हणून मदतीला मी टेम्पोत बसले. पाथर्डी फाट्याच्या पुढे एका मोठ्या इमारतीचे काम चालू होते आणि तिच्या कडेला बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. पावसाने दोन दिवस काम बंद होते, म्हणजे मजुरी बंद होती, आणि बाहेरच्या चुली भिजून चिखल झाल्या होत्या. मी डाव हातात घेतला आणि रांगेत पहिल्या उभ्या असलेल्या बाईला म्हटले, "धरा मावशी." तिने पातेले पुढे केले नाही. पदराखाली धरून ठेवले आणि मला विचारले, "ताई, कवा शिजिवलाय ह्यो भात?"

खरे सांगते, त्या क्षणी मला तो प्रश्न टोचला. माझ्या घरचे, माझ्या देवापुढे नैवेद्य दाखवलेले अन्न मी पावसात भिजत इथवर आणले आहे आणि ही बाई मलाच विचारते आहे, असे माझ्या मनात आले. आज त्या काकांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिले तेच त्या दिवशी माझ्या चेहऱ्यावर असणार. नंतर त्या बाईने सांगितले की मागच्या जागी असताना कोणीतरी रात्री उशिरा लग्नातले जेवण आणून वाटले होते आणि तिचा धाकटा ते खाऊन चार दिवस दवाखान्यात होता. चार दिवसांचा दवाखाना म्हणजे तिच्या महिन्याच्या मजुरीला पडलेले केवढे भगदाड, याचा हिशोब तुम्हीच करा.

भात हा दिसायला साधा, पण मोठा नाजूक पदार्थ आहे. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि मोठ्या टोपातला भात तर आतून तासन्‌तास कोमट राहतो. त्यात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे विष असे असते की भात पुन्हा गरम केला तरी ते जात नाही. दही, ताक, पनीर, खीर यांची गोष्ट तर सांगायलाच नको. म्हणून ती मुले वास घेतात, म्हणून वेळ विचारतात, म्हणून नको म्हणतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ साली उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी स्वतंत्र नियम केले, त्यात हे काम करणाऱ्या संस्थांनी अन्न कसे हाताळावे आणि साठवावे हे घालून दिले आहे. हे नियम पाळायला झाकणाची भांडी लागतात, ती घासायला साबण, पाणी आणि माणूस लागतो, टेम्पोत डिझेल लागते, चालकाला दिवसाचा रोज द्यावा लागतो. यातली कोणती गोष्ट उरलेल्या मसालेभातातून निघते?

आपली समजूत अशी झाली आहे की अन्न दिले म्हणजे दान पूर्ण झाले आणि पुढचे सगळे आपोआप, पुण्याच्या बळावर होते. गाडगेबाबांनी आपल्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न हे पहिले काम सांगितले. पण त्याच बाबांनी आपल्या नाशिकात, पंढरपुरात, आळंदीत धर्मशाळा उभ्या केल्या त्या लोकवर्गणीतून केल्या. सेवेला पैसा लागतो हे बाबांना कळत होते आणि तो मागण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. सरकारने २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी दहा रुपयांना द्यायला सुरुवात केली, तेव्हा शहरात एका थाळीचा खर्च पन्नास रुपये धरून वरचे चाळीस स्वतः भरायचे ठरवले. पोटात जाणाऱ्या प्रत्येक घासाला कोणीतरी किंमत मोजत असते. ही संस्था ती किंमत चार रुपयांवर आणते आहे, कारण अन्न आधीच शिजलेले आहे, आणि ते चार रुपयेही आपण तिला मागायला लावतो.

आता कोणी म्हणेल की रॉबिन हूड आर्मी २०१४ पासून एक रुपयाही देणगी न घेता हेच काम करते. करते, आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण ज्यांच्याकडे स्वतःच्या गाड्या आहेत आणि नोकरीचा पगार आहे अशा स्वयंसेवकांना जे जमते ते दिवसाची मजुरी सोडून येणाऱ्या मुलांना जमेलच असे नाही. कोणी म्हणेल की काही संस्था फोटोपुरत्या असतात आणि त्यांचे हिशोब धड नसतात. असतात तशाही, मग हिशोब मागा, वर्षाचा ताळेबंद मागा, एक दिवस त्यांच्या टेम्पोत बसून जा, पण शंका आहे म्हणून भात ओतून देऊ नका. आणि कोणी म्हणेल की रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळते, मग भुकेले आहे कोण? पावसात चूल विझलेली असताना पिशवीतला तांदूळ कच्चाच राहतो, एवढेच मी त्यांना सांगेन.

हे लिहिता लिहिता राग थोडा खाली बसला आहे, आणि त्या काकांविषयीही मला दोन शब्द लिहायला हवेत. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनीच केटररला आग्रहाने सांगितले होते की वाढपी, बँडवाले आणि सफाईच्या बायका यांना आधी पोटभर जेवू घाला. त्यांना कोणी समजावून सांगितलेच नव्हते, आणि ते काम माझे होते. मी फोन केला तेव्हाच भाड्याचे पैसे मोबाईलवरून पाठवून दिले असते, तर वाद झालाच नसता. त्याहून खरे म्हणजे मी अडीच वाजता फोन करायलाच नको होता. आदल्या दिवशीच करायला हवा होता. ही मुले नेहमी तेच विनवतात. आधी कळवले तर ती बारा-साडेबारालाच येऊन उभी राहतात, ज्या टोपाला हात लागणार नाही असे आचारी सांगतो तो झाकण न उघडता गरम गरम घेऊन जातात, आणि तासाभरात तो भात ताटांत असतो. आपण मात्र सगळ्या पंगती उठल्यावर, बुफेची भांडी खरवडून झाल्यावर, कधी कधी तर रात्री अकरा वाजता फोन करतो आणि ती आली नाहीत तर नावे ठेवतो. ही संस्था म्हणजे रात्रीची घंटागाडी नव्हे.

सगळा दोष लग्नांचाच आहे असेही मी म्हणत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले ६० टक्के घराघरांतून गेले, म्हणजे आपल्या फ्रिजमध्येही पाहायला हवे. पण घरातली अर्धी वाटी आमटी कोणाला नेऊन देता येत नाही. दोन टोप भात देता येतो. मुंबईत निवृत्त पोलीस महासंचालक डी. शिवानंदन यांनी डबेवाल्यांना बरोबर घेऊन उरलेले अन्न भुकेल्यांपर्यंत पोहोचवणारी रोटी बँक उभी केली. तेव्हाच्या औरंगाबादेत २०१५ साली सुरू झालेल्या रोटी बँकेत तर लोक घरून ताज्या पोळ्या आणि भाजी आणून ठेवत. तिथे उरलेसुरले द्यायचे नाही, ताजेच द्यायचे, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. हे सगळे मोठ्या शहरांत घडते आणि त्याच्या बातम्या होतात. आपल्या गावातली, आपल्या पेठेतली जी चार-सहा माणसांची संस्था आहे तिची बातमी होत नाही, तिला कंपन्यांचा निधी मिळत नाही, तिचा टेम्पो भाड्याचा असतो. तिला आपणच सांभाळायचे आहे.

माझ्या परीने मी आजपासून दर महिन्याला सहाशे रुपये त्या संस्थेला पाठवणार आहे, एका फेरीचे भाडे म्हणून. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी येत्या मोसमात कार्य आहे त्यांनी केटररचा आकडा ठरवताना त्यातच या फेरीचे पैसे धरावेत, आणि मुहूर्ताच्या आदल्या दिवशी आपापल्या गावातल्या अशा संस्थेला फोन करावा. नाशिककरांनी मला निरोप पाठवला तर मी संपर्क क्रमांक देईन.

त्या पावसातल्या दुपारचे एक सांगायचे राहिले. त्या बाईने भात कधी शिजवला असे विचारले तेव्हा मला उत्तर देता आले नाही, कारण माझ्याच घरचे अन्न असूनही मला नेमकी वेळ आठवत नव्हती. टेम्पोवरच्या मुलाने काही न बोलता टोपाचे झाकण उचलून तिच्यासमोर धरले. झाकणावर त्याने माझ्या स्वयंपाकघरात आचाऱ्याला विचारून खडूने वेळ लिहून ठेवली होती आणि वर प्लास्टिकचा कागद बांधला होता, म्हणून पावसातही ती पुसली गेली नव्हती. बाईला वाचता येत नव्हते. तिने मागे वळून हाक मारली, तशी जिल्हा परिषदेच्या शाळेचा गणवेश घातलेली तिची मुलगी पुढे आली, झाकणावर वाकली, आणि बोट ठेवून तिने मोठ्याने वाचले, "भात. बारा दहा." मग पत्र्याखाली बसलेल्या कोणाला तरी तिने विचारले, आता किती वाजले? आतून आवाज आला, दोन वाजले. मुलीने बोटांवर मोजले आणि आईकडे पाहून मान डोलावली. तेव्हा बाईने पदराखालचे पातेले बाहेर काढून माझ्यापुढे धरले.