धूर रस्त्यावर, माशी भिंतीत

आज संध्याकाळी आमच्या गावात धूर मारला. खांद्यावर मशीन घेतलेला एक जण पुढे, मागे पोरांचा घोळका, आणि थोड्याच वेळात गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ. "पावसाळ्यापूर्वीची दक्षता." खाली अंगठे, जोडलेले हात, फुलं. मी तो व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला. मशीनवाला शाळेमागच्या गोठ्यासमोरून जातो, ती भिंत त्यात स्पष्ट दिसते. बोटं आत जातील एवढ्या भेगा, पायथ्याशी ओलं शेण, उंदरांची बिळं. त्यानं तिकडे मान वळवलीसुद्धा नाही. धूर सोडला रस्त्याच्या मधोमध आणि वाऱ्यानं तो नाल्याकडे नेला.

माझा संताप अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

डासाचं सगळ्यांना कळतं, तो कानाशी येऊन गुणगुणतो. मी वालुमाशीबद्दल बोलतेय. डासाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाची, फिकट, अंगावर लव असलेली. आवाज करत नाही. फार उंच उडत नाही, टुणटुण उड्या मारत सरकते, म्हणून घोट्याला आणि पावलाला चावते, आणि रांगत्या लेकराला तर कुठेही. दिवसभर भिंतीच्या भेगेत बसते आणि दिवेलागणीला बाहेर पडते. बाहेर पंचेचाळीस अंश ऊन असताना तिला गार, ओलसर, अंधारी जागा हवी असते, आणि ती जागा तिला आपण देतो. घरातच.

माझ्या सासूबाईंना वालुमाशी हे नाव माहीत नव्हतं. त्या तिला भितीतलं, म्हणजे भिंतीतलं, चिलट म्हणायच्या. मी लग्न होऊन नवीन आले होते तेव्हा पुतण्याच्या पायावर लाल पुरळ उठायचं, रात्री खाजवून खाजवून रडायचा. सगळे म्हणत, घामोळं आहे, पावडर लावा. सासूबाई एके रात्री बॅटरी घेऊन उठल्या, मला हाताला धरून माजघरातल्या कोपऱ्यात नेलं. "घामोळं नोहे वं हे. इकडे पाह्य, भितीत." भेगेच्या काठावर ती बसली होती. पंख मिटलेले नव्हते, दोन्ही वर उभे धरलेले. सासूबाईंनी फुंकर घातली तर उडून गेली नाही, वीतभर उडी मारून पुन्हा भिंतीलाच चिकटली. मला ते पंख अजून डोळ्यांसमोर दिसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माती भिजत घातली.

आता मला कुणीतरी सांगेल की मावशी, जुन्या गोष्टी सोडा. मागे २०२४ मध्ये गुजरातमध्ये पोरं दगावली तेव्हा टीव्हीवर चंडीपुरा, चंडीपुरा चाललं होतं. आमच्याच गावातली शिकलेली माणसं म्हणत होती, गुजरातचा आजार आहे, इकडे यायला नको. अरे, चंडीपुरा कुठे आहे? आपल्या नागपूर जिल्ह्यात! १९६५ साली इथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात हा विषाणू सापडला, पुण्याच्या संस्थेनं शोधला, आणि नाव दिलं आपल्या गावाचं. तो पसरवते ही माशी. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला, त्यातली १८३ गेली. त्याच साली विदर्भातही पोरं गेली. एवढं सगळं आपल्या उंबऱ्याशी घडलेलं असताना आपण त्याला दुसऱ्याच्या घरचं दुखणं म्हणतो, याची मला चीड येते.

या आजारात वेळच मिळत नाही हो. सकाळी खेळणाऱ्या लेकराला दुपारी फणफणून ताप, उलटी, मग झटके, मग शुद्ध जाते. कितीदा एका-दोन दिवसांत सगळं संपतं. तापावर, झटक्यांवर उपचार होतात, पण या विषाणूवर नेमकं औषध नाही आणि लसही नाही. आमच्या शेजारच्या मोहल्ल्यातलं एक पोर एका पावसाळ्यात असंच गेलं. अंगणवाडीत माझ्यासमोर बसायचं, खिचडीतले शेंगदाणे वेचून आधी खायचं. त्याच्या आईला मी आजही बाजारात भेटते. आम्ही दोघी भाजीबद्दल बोलतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की जे भिंतीत राहतं त्याला भिंतीत जाऊन गाठा.

डेंग्यूसाठी आपण कोरडा दिवस पाळतो, कूलर रिकामा करतो, टाकी घासतो. करायलाच हवं ते. पण वालुमाशी पाण्यात अंडी घालत नाही. ओल्या मातीत, शेणात, कुजलेल्या पाल्यात, उंदराच्या बिळात घालते. कूलर कितीही घासला तरी तिला फरक पडत नाही. अंड्यापासून माशी व्हायला महिना किंवा त्याहून जास्त लागतो, म्हणजे जूनच्या शेवटी जी चावणार तिची सोय आत्ता मे महिन्यात मोडायची. सासूबाई हे कुठल्या प्रशिक्षणात शिकल्या नव्हत्या. अक्षय तृतीया झाली की त्यांचं लिंपण सुरू व्हायचं, आणि पहिला पाऊस पडायच्या आत घराची आणि गोठ्याचीही एकेक भेग बुजलेली असायची. माती चाळायच्या, कुटार, म्हणजे भुसा, घालून रात्रभर भिजवायच्या, सकाळी पायानं तुडवायच्या. भेगेत आधी पाणी शिंपडायच्या, नाहीतर नवीन माती वाळली की सुटून येते. मग अंगठ्यानं आत दाबत न्यायच्या, वरवर फासायच्या नाहीत. वाळल्यावर चुन्याचा हात. उंदराच्या बिळात काचेचे तुकडे कोंबून वरून माती. खताचा खड्डा त्यांनी सासऱ्यांशी भांडून घरापासून लांब नेला. महिनाभर घरात कुणी कुणाशी नीट बोलत नव्हतं, पण खड्डा हलला.

धुरानं काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. डेंग्यूचे रुग्ण निघाले तर उडणारे डास मरतात, तेवढं मान्य. पण भेगेत बसलेल्या माशीपर्यंत रस्त्यावरचा धूर कसा पोचणार, हे मला कुणी सांगावं. कडुलिंबाचा पाला जाळला की तेवढा वेळ बरं वाटतं, मीही जाळते. धूर विरला की ती परत येते, आणि दम्याच्या म्हाताऱ्याला रात्रभर खोकला.

"आता कुठे मातीची घरं राहिलीत?" हेही आज ग्रुपवर कुणीतरी लिहिलं. या आमच्या गावात, घरकुलांच्या रांगेत फिरून बघा. पैसे संपले की प्लास्टर राहतं. उघड्या विटा, विटांच्या मधे बोटभर सांधे, मागे लागूनच गोठा. वरून रंगवलेली पाटी आणि फोटो. सिमेंटची भेग असली म्हणून माशी काय आत शिरत नाही का? त्या घरांतल्या बाया मला म्हणतात, मावशी, दरवाजा बसवायचा की प्लास्टर करायचं? मला उत्तर देता येत नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो हार घालून फोटो काढणाऱ्यांवर, ज्यांच्या स्वतःच्या घराला आतून पुट्टी आहे आणि खिडकीला जाळी आहे.

ग्रामपंचायतीला मागायचंच असेल तर भिंतीवरची फवारणी मागा. घराच्या आत, गोठ्यात, जमिनीपासून ६ फुटांपर्यंत. बिहारमध्ये काळा आजार नावाच्या तापासाठी तशीच करतात, कारण तोही वालुमाशीच पसरवते आणि ती त्याच्या वर फारशी जात नाही. आधी लिंपून घ्या, मग फवारून घ्या. उलटं केलंत तर औषध मातीखाली जातं. आणि मैत्रिणींनो, डाग दिसतात, वास येतो म्हणून फवारणीवाल्याला दारातून परत पाठवू नका, हे मी हात जोडून सांगते. आपल्यातल्याच कितीजणी असं करतात, मला माहीत आहे.

साध्या मच्छरदाणीच्या भोकातून ही माशी आत येते. बारीक जाळीची घ्या, औषध लावलेली मिळाली तर उत्तमच. लेकरांना जमिनीवर, भिंतीला चिकटून झोपवू नका, खाट मधे ओढा. गच्ची असेल तर गच्चीवर झोपा, उन्हाळ्यात तसंही आपण झोपतोच. संध्याकाळी पोरांना गोठ्याजवळ उघड्या पायांनी खेळू देऊ नका. आणि तापात झटका आला तर सकाळची वाट बघायची नाही, अंगारा लावायचा नाही, मिळेल त्या गाडीनं थेट मोठा दवाखाना.

लिहिता लिहिता राग थोडा कमी झाला. मशीन चालवणाऱ्या पोराची काही चूक नाही, त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं, आणि विनामास्क केलं बिचाऱ्यानं. त्यालाही कुणीतरी मास्क द्या.

रविवारी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, मी आणि आमच्या बचत गटातल्या काहीजणी शाळेमागच्या गोठ्याची ती भिंत लिंपणार आहोत. मालकाला विचारलंय, तो हो म्हणाला. माती आणून पडली आहे, चुना मी देते. कुटार कमी पडतंय. ज्यांच्या घरी गव्हाचं असेल त्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत एक पोतं अंगणवाडीच्या ओट्यावर आणून ठेवा, भिजवायला रात्र हवी.