पॉवरबँक नाही हो, प्लेअर आहे

परवा ट्रेनमध्ये समोरच्या सीटवरच्या काकांनी टेबलावर ठेवलेला माझा म्युझिक प्लेअर उचलला, उलटापालटा केला, खालचं भोक शोधलं आणि त्यात स्वतःच्या फोनची वायर खुपसली. मी त्यावर गाणं ऐकत होतो. इयरफोनची वायर आखूड असल्यामुळे प्लेअरबरोबर माझं डोकंही जरा पुढे गेलं. काकांनी आधी विचारलं होतं म्हणे, पण मला ऐकूच आलं नाही, कारण हे इयरफोन बाहेरचा आवाज फार छान अडवतात, त्याचेच तर पैसे घेतात. कानातलं काढलं तेव्हा काका शेजारच्या बाईंना सांगत होते, "चांगली दणकट पॉवरबँक आहे, वजन बघा."

"ही पॉवरबँक नाही हो, प्लेअर आहे," मी म्हणलं.

"असू दे, असू दे. ९ टक्क्यांवर आलाय फोन, थोडंसंच घेतो."

आता काय भांडणार. घ्या म्हणलं. पण ते यूएसबी-सीचं एक भयंकर प्रकरण आहे, दोन्ही बाजूंची उपकरणं करंट देऊही शकणारी आणि घेऊही शकणारी असली, की देणार कोण आणि घेणार कोण हे पुष्कळदा नाणेफेक केल्यासारखं ठरतं. नाणं माझ्या बाजूने पडलं. दहा मिनिटांनी काकांनी फोन बघितला तर ७ टक्के.

"अहो, तुमचं मशीन माझंच पितंय!"

हे ते इतक्या मोठ्याने म्हणाले की मागच्या सीटवरचे दोघं उठून बघायला लागले. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे जसं बघितलं ना, तसं माझ्याकडे आयुष्यात कोणी बघितलेलं नाही. एका वयस्कर माणसाचे २ टक्के मी भरदिवसा चोरले होते. मी "सॉरी" म्हणलं. का म्हणलं? मला अजून कळत नाहीये मी का म्हणलं. मशीन माझं, वायर त्यांची, खुपसली त्यांनी, आणि सॉरी मी.

शेवटी बाईंनी त्यांचा चार्जर दिला आणि काका मोकळे झाले, म्हणजे माझ्याशी बोलायला मोकळे झाले.

"यात फोन येतो?"

"नाही."

"मेसेज?"

"नाही."

"फोटो निघतो?"

"नाही हो काका, यात फक्त गाणी वाजतात."

"गाणी तर फोनमध्येपण वाजतात."

"हो, पण फोन बाकीच्याही शंभर गोष्टी करतो. हा त्या करत नाही, म्हणूनच चांगला वाजतो."

काका थोडा वेळ गप्प बसले. मग बाईंना समजावून सांगावं तसं म्हणाले, "म्हणजे यांनी जास्त पैसे देऊन कमी कामं करणारं मशीन घेतलंय."

हे वाक्य आमच्या घरीही बोललं गेलंय, पण ते वेगळ्या आवाजात, आणि किमतीचा विषय पुन्हा काढायचा नाही असा आमच्यात तह झालेला आहे.

इथे मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण आमच्या जमातीला, म्हणजे आवाजाच्या दर्जाचं वेड असलेल्यांना, एक खोड असते, कोणी "यात वेगळं काय" म्हणलं की आम्हाला राहवत नाही. मी लॉसलेस म्हणजे काय ते सांगायला घेतलं. म्हणलं, समजा तुम्हाला एक गादी दुसऱ्या घरी न्यायचीय. फ्लॅक फाईल म्हणजे गादी घट्ट गुंडाळायची, दोरी बांधायची, तिकडे जाऊन सोडायची, गादी जशीच्या तशी, कापसाचा एक कण कमी नाही. जागा साधारण निम्मी लागते. आणि एमपीथ्री म्हणजे, हा कापूस पाठीला लागतच नाही असं ठरवून तो आधीच काढून फेकायचा. काढलेला कापूस परत येत नाही.

मला हे उदाहरण फार आवडतं. मी ते बऱ्याच लोकांना ऐकवलंय.

"पण झोप लागते का?" काकांनी विचारलं.

"कसली झोप?"

"कापूस काढलेल्या गादीवर. झोप लागत असेल तर तक्रार काय आहे?"

मग त्यांनी सांगितलं की ते जन्मभर टेलिफोनच्या कामात होते. आणि टेलिफोनवाले लोक, हे मला आता कळलंय, आमच्या जमातीचे जन्मजात वैरी असतात. कारण माणसाच्या आवाजातून नक्की किती कापूस काढला तरी चालतं, ह्याच्यावर त्यांचा पगार चालतो. "आम्ही ३०० ते ३४०० हर्ट्झ द्यायचो," काका म्हणाले. (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आकडा जेवढा मोठा तेवढा सूर वरचा.) "त्याच्या वर खाली काही नाही. लोक त्यावर प्रेमात पडले, भांडले, रडले. फोन बंद पडल्याच्या तक्रारी रोज यायच्या. ३४०० च्या वरचं ऐकू येत नाही अशी एकही आली नाही."

मी म्हणलं, बोलणं वेगळं, संगीत वेगळं. सीडीचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात, प्रत्येक वेळी १६ बिट, डावा उजवा मिळून सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. काकांनी फोनवर कॅल्क्युलेटर काढला (११ टक्के झाले होते). डिजिटल एक्स्चेंजमध्ये ८,००० वेळा, ८ बिट, म्हणजे ६४,०००. भागाकार केला. "तुमच्या एका गाण्याच्या जागेत आमची २२ माणसं बोलतात," म्हणाले, आणि माझ्या प्लेअरकडे असं बघितलं की जणू मी त्या २२ जणांना उतरवून एकटाच पसरून बसलोय.

"आणि ४४,१०० च का? ४४,००० का नाही?"

हा प्रश्न आल्यावर मला आतून गुदगुल्या झाल्या, कारण ह्याचं उत्तर मला येतं आणि आजपर्यंत कोणीही विचारलेलं नव्हतं. सीडी बाजारात आली १९८२ मध्ये, त्याच्या आधी डिजिटल आवाज साठवायला एवढी जागा असलेली सोयीची गोष्ट म्हणजे व्हिडिओ टेप. एका पद्धतीच्या टीव्हीत २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड (म्हणजे अर्धी अर्धी चित्रं), ओळीला आवाजाचे ३ नमुने, गुणाकार ४४,१००. दुसऱ्या पद्धतीत २९४ ओळी, ५० फील्ड, ३ नमुने, गुणाकार परत ४४,१००! दोन्हीकडे जुळणारा आकडा! मी हे जवळजवळ उभा राहून सांगितलं.

"म्हणजे कानाला लागतं म्हणून नाही," काका म्हणाले, "टीव्हीच्या टेपवर मावलं म्हणून."

मी खाली बसलो. कानासाठी ४०,००० च्या वर काहीतरी लागणारच होतं, माणूस २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि मोजायचं त्याच्या दुपटीहून जास्त वेळा लागतं, हे मला सांगता आलं असतं. पण तोंडावर एक विषय आला होता जो मला टाळायचा होता आणि काकांनी तोच काढला. "तुम्हाला स्वतःला किती हर्ट्झपर्यंत ऐकू येतं?"

खरं सांगतो. मी घरी टेस्ट केलीय. १३,००० च्या पुढे मला काहीच येत नाही. घरातला कुत्रा मान वर करतो आणि मी नुसता स्क्रीनकडे बघत बसतो. वय झालं की वरचे सूर आधी जातात, हे सगळ्यांचंच होतं, आणि गंमत अशी की ऐकू येत असतं त्या वयात चांगला प्लेअर परवडत नाही आणि परवडायला लागतो तेव्हा वरचा मजला बंद पडलेला असतो. माझ्या मेमरी कार्डावर १९२ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १,९२,००० वेळा मोजलेल्या, फाईली आहेत. त्यांत ९६,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. तो वटवाघळं ऐकतील. मी वटवाघळांसाठी दुसरं कार्ड घेतलं.

काकांना मी "हो येतं की, बऱ्यापैकी" असं म्हणलं.

"मग ऐकवा जरा."

इथे वाचकांपैकी जे आमच्यातले आहेत त्यांच्या पोटात गोळा आला असेल. आपले इयरफोन, आपल्या मापाची रबरी टोकं, आणि दुसऱ्याचे कान. पण नाही कसं म्हणणार, २ टक्क्यांचं कर्ज होतं. मी एक जुनं स्टिरिओ रेकॉर्डिंग निवडलं, स्टिरिओ नवीन असतानाच्या काळातलं, तेव्हा वादक एका बाजूला आणि गाणारा दुसऱ्या बाजूला असं सरळ वाटून टाकायचे. ऐकवायला एकदम मस्त असतं, समोर स्टेज उभं राहतं. काकांनी एकच बाजू कानात घातली, तीही उलटी.

"दुसरी पण घाला ना."

"नको. दुसरा कान स्टेशनसाठी ठेवतो."

डोळे मिटून ऐकलं. मान हलवली. मी श्वास रोखून बसलेलो.

"वाजतंय छान. गाणारा कधी सुरू होणार?"

"तो गातोय हो! तो दुसऱ्या कानात आहे!"

"मग अर्धं लॉस झालंच की," काका म्हणाले आणि इयरफोन काढून माझ्या हातात दिला. बाई हसल्या. मागच्या सीटवरचे दोघं हसले, ज्यांना लॉसलेस हा शब्द अर्ध्या तासापूर्वी माहीत नव्हता.

आणि एवढ्यावर थांबले असते तर मी हे लिहिलंही नसतं. काकांनी एक गाणं सांगितलं, ते लावा म्हणाले. साधं, जुनं, सगळ्यांना पाठ असलेलं. माझ्याकडे एक टेराबाइटचं कार्ड, हजारावर अल्बम, सगळे कव्हरसकट, आणि ते गाणं नाही. खरंतर मी खात्री करायला शोधत बसलो, आणि शोधणं म्हणजे काय असतं हे बाहेरच्यांना कळणार नाही. ह्या प्लेअरला मराठी लिहिलेलं दिसतं पण कळत नाही. वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून वेगळी होतात, रफार कुठे जातो ते देवालाच ठाऊक. मी प्रत्येक फाईलचे टॅग, म्हणजे गाण्याचं नाव, कलाकाराचं नाव वगैरे, हाताने, शुद्ध मराठीत भरलेत, रात्री जागून, आणि यादीत ते असे दिसतात की पहिलीतल्या मुलाने फळ्यावर लिहून अर्धे पुसलेत. कंपनीला तीनदा मेल केला. पुढच्या अपडेटमध्ये बघू म्हणाले. अपडेट आला, त्यात स्क्रीनवर सुया हलणारं एक नवीन मीटर होतं.

"नेटवरून लावा ना," काका म्हणाले.

"मी याचं नेट बंद ठेवतो. आवाज स्वच्छ राहतो."

असं बोललो मी. चारचौघांत. ह्याला काही आधार आहे का, मला विचारू नका.

काकांनी आपला फोन चार्जरवरून काढला, गाणं शोधलं आणि स्पीकरवर लावलं. तो फोनचा खालचा चिमूटभर स्पीकर, त्यात बास नावाला नाही, वर गाडीचा खडखडाट. आणि बाई गुणगुणायला लागल्या. मग मागचे दोघं. मग पलीकडचं एक कुटुंब. दुसऱ्या कडव्याला अर्धा डबा गात होता, काका टेबलावर ठेका धरत होते, माझ्या प्लेअरच्या शेजारी, आणि कुणीतरी आपल्या फोनवर ते सगळं रेकॉर्ड करत होतं. माझा पाय हलत होता. मी तो दाबून धरला.

उतरताना काकांनी माझा नंबर घेतला. "तुमच्याकडे नाही ना ते गाणं, पाठवतो."

घरी येऊन मी आधी ते गाणं लॉसलेसमध्ये विकत घेतलं, रीतसर पैसे भरून. ऐकलं, शंका आली, स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे त्याचं चित्र, काढून बघितला. १६,००० हर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखा काळोख. म्हणजे कोणीतरी एमपीथ्री घेऊन फ्लॅकच्या अभ्र्यात भरलेली, कापूस काढलेली गादी नव्या गादीच्या भावात. ह्या गोष्टीने माझं डोकं फिरतं. फाईलच्या नावापुढे फ्लॅक लावलं की गेलेलं परत येतं असं ह्यांना वाटतं का? मी पैसे परत मागितले. फाईल उघडलेली असल्यामुळे परत मिळणार नाहीत असं उत्तर आलं. न उघडता मी ती ऐकणार कशी, हे विचारलंय, अजून उत्तर नाही. आणि हो, मला ते १६ हजारावरचं ऐकू येत नाही, माहितीये, तो मुद्दा नाहीये.

रात्री काकांचा मेसेज आला. गाणं नव्हतंच, डब्यातलं ते रेकॉर्डिंग होतं. काकांच्या फोनचा स्पीकर, दुसऱ्या कोणाच्यातरी फोनवर रेकॉर्ड केलेला, तिथून फिरत फिरत चारपाच जणांकडून माझ्यापर्यंत आलेला. अर्ध्या एमबीची फाईल. रुळांचा आवाज, बेसूर माणसं, टेबलावरचा ठेका, आणि मधेच अगदी स्पष्ट माझा आवाज, "अहो काका, प्लेअरला हात लागतोय."

ती मी प्लेअरवर टाकली. लायब्ररीत दिसेना, तो फॉरमॅट त्याला चालत नाही. मग फ्लॅकमध्ये बदलून घेतली, अर्ध्या एमबीची आठ एमबी झाली. टॅगमध्ये कलाकाराच्या जागी नुसतं "काका" लिहिलं. वेलांटी नाही, जोडाक्षर नाही, रफार नाही. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा प्लेअरने नाव बरोबर दाखवलं.