ग्रामसभा खेळीमेळीत संपन्न कशी करावी

आपल्या गावची स्वातंत्र्यदिनाची ग्रामसभा 'खेळीमेळीच्या वातावरणात संपन्न' झाल्याचे वृत्त गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपण वाचले असेलच, आणि त्याखाली अभिनंदनाचे हातही जोडले असतील. ध्वजवंदनानंतर मी त्या सभेला हजर होतो आणि गणपूर्तीअभावी ती तहकूब झाल्याचे स्वतःच्या कानांनी ऐकून घरी आलो. मग ती संपन्न केव्हा झाली, याचा शोध घेताना आदर्श ग्रामस्थाने पाळावयाचे काही नियम माझ्या ध्यानात आले. ते सर्वांच्या उपयोगी पडावेत म्हणून येथे देत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे सभेची नोटीस शोधत हिंडू नये. ती फलकावर लावलेलीच असते. फलक कार्यालयाच्या आत आहे आणि कार्यालयाला बाहेरून कुलूप आहे, हा स्वतंत्र विषय असून तो आयत्या वेळच्या विषयांत, अध्यक्षांच्या परवानगीने, घेता येईल.

सभेला प्रत्यक्ष जाण्याचा मोहही टाळावा. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे पुरतात. जत्रेच्या पंगतीला हजारांनी बसणाऱ्या आपल्या गावात त्या दिवशी तेवढीही जमली नाहीत, हे पदाधिकाऱ्यांच्या पथ्यावरच पडते, कारण तहकूब झालेली सभा पुन्हा घेताना गणपूर्तीची अट राहत नाही. ती पुन्हा केव्हा भरते, हे ज्यांना कळायला हवे त्यांना कळतेच.

माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करू नये. त्यात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प जातो आणि गावातली बोलचालही जाते.

घरपट्टी मात्र वेळेवर भरावी.

सर्वांत महत्त्वाचा नियम सहीचा आहे. सभेची नोंदवही घरी आली की निमूटपणे सही करावी, तीत डोकावू नये. आमच्या शेजारच्या काकू ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. शिपायाने वही पुढे केली आणि रिकाम्या ओळीवर बोट ठेवले.

"कशाची सही रे?"

"सभेची, काकू."

"कधी आहे?"

"झाली की."

काकूंनी मातीचे हात पदराला पुसले आणि सही केली. मी ते पान पाहिले. वर ठरावांची जागा कोरी होती, खाली सह्यांच्या ओळी होत्या, बहुतेक एकाच निळ्या पेनाच्या, आणि आमच्या आळीतील नावे घरांच्या क्रमाने लागली होती. म्हणजे सारी आळी सभेला घरांच्या क्रमानेच येऊन बसली असावी. वर्षातून किमान 4 ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि पुरेशा कारणाशिवाय त्या न घेतल्यास सरपंच अपात्र ठरू शकतात. लोकांना बोलावणे भाग पडावे म्हणून घातलेली ही अट आपल्याकडे शिपायाच्या पायपिटीवर भागवली जाते. वरच्या कोऱ्या जागेत पुढे काय उतरले, तेही ऐका. शाळेमागचे बंदिस्त गटार गावाच्या विकास आराखड्यात पहिल्या क्रमांकावर होते; ते 'पुढील वर्षी घेण्याचे सर्वानुमते' ठरले. त्याऐवजी कचराकुंड्या आल्या. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील 60 टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित होती, तिचा हा विनियोग. त्या कुंड्या आजही कार्यालयामागे ओळीने उभ्या आहेत, त्यांत पावसाचे पाणी साचले आहे आणि त्यात डास झाले आहेत. पाणी आणि स्वच्छता हे दोन्ही हेतू एकाच वस्तूत साधण्याची ही किमया अन्य गावांनी अभ्यासावी. आणि हे सर्वानुमते म्हणजे कोणाच्या मते? काकूंच्या? त्यांचा नातू रोज चपला हातात घेऊन त्या गटारातून शाळेत जातो, आणि ते गटार पुढे ढकलण्याच्या ठरावाखाली त्याच्या आजीची सही आहे!

आता आमच्या वार्ताहर बंधूंसाठी एक सूचना. सभेला येण्याचे कष्ट घेऊ नयेत. 'विविध विषयांवर साधकबाधक चर्चा', 'मान्यवरांची उपस्थिती', 'आभारप्रदर्शनाने सांगता' एवढा मजकूर आदल्या दिवशीच तयार ठेवावा आणि फोटो मागच्या वर्षीचा चालतो. भाऊंच्या वाढदिवसाची जाहिरात पूर्ण पान मिळाली असल्यास बातमीत भाऊंचे नाव दोनदा घ्यावे.

पण बाबांनो, ही बातमी नव्हे, हे खोटे आहे. जी सभा तुमच्या डोळ्यांदेखत मोडली ती पार पडल्याचे तुम्ही छापता, आणि उद्या कोणी तक्रार केली की तेच कात्रण पुरावा म्हणून पुढे केले जाते, हे तुम्हाला कळत नाही असे कोणी समजू नये. पदाधिकाऱ्यांबद्दल काय बोलावे! माणसे येत नाहीत, ही त्यांची तक्रार खरी मानली, तरी दवंडी का दिली नाही, ध्वनिक्षेपक का फिरवला नाही, वाढदिवसाला फिरतो तो? आणि आपण सारे तरी कोणते सभ्य? पारावर बसून रात्री दहापर्यंत गटाराच्या नावाने बोटे मोडायची, सभेच्या दिवशी शेतात काम निघायचे आणि वही आली की सही ठोकायची. वहीत काय लिहिले आहे ते वाचा. कोऱ्या जागेखाली सही करू नका, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना करू देऊ नका. ज्यांनी केली आहे त्यांनी जाऊन इतिवृत्ताची प्रत मागा, आणि "साहेब मीटिंगला गेलेत" असे उत्तर मिळाले, तर कोणत्या मीटिंगला, हेही विचारा.