बत्तीसचे चव्वेचाळीस

भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ लहान आकारात करून द्यायला माझ्या संगणकाला दोन तास लागत होते. ते काम दीड तासात व्हावे, एवढ्या माफक इच्छेपायी मी एक शनिवार आणि एक रविवार खर्ची घातला. संगणक मीच जुळवलेला, स्वस्तातला. त्यातला पेंटियम जी ३२५८ हा प्रोसेसर पेंटियम या नावाला वीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने २०१४ साली बाजारात आला. कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे गाभे, दोनच, वेग ३.२ गिगाहर्ट्‌झ, पण त्याचा मल्टिप्लायर, म्हणजे गुणक, मोकळा सोडलेला. मूळ १०० मेगाहर्ट्‌झला ३२ ने गुणले की ३.२ होतात आणि ४४ ने गुणले की ४.४. पाढे पाठ असलेल्या माणसाला यात अवघड ते काय दिसणार?

शनिवारी सकाळी बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रणालीत, शिरून मी ३२ चे ४४ केले, व्होल्टेज १.१ वरून १.३ वर नेले आणि आलोच आहोत तर म्हणून कॅशचा, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातल्या छोट्या वेगवान स्मृतीचा, गुणकही चढवला. संगणक निमूटपणे सुरू झाला. पत्नीला बोलावून ४.४ हा आकडा दाखवला, तेव्हा तिने आधीच्या आणि आताच्या संगणकात नेमका काय फरक पडला असे विचारले. फरक दाखवावा म्हणून मी व्हिडिओचे काम लावले आणि अकराव्या मिनिटाला पडदा निळा झाला. त्यावरचा संकेतांक होता ०एक्स१२४. हार्डवेअरमध्ये सावरता न येणारी चूक झाली, एवढेच तो सांगतो. वेग वाढवणारी मंडळी मात्र त्याचा अर्थ बहुधा ‘व्होल्टेज कमी पडले’ असा लावतात. मीही तोच लावला आणि व्होल्टेज १.३५ केले. तापाने फणफणलेल्या माणसावर आणखी एक दुलई टाकावी, तसा हा उपचार होता. प्रोसेसरची विजेची भूक वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे मला ठाऊक होते. गणित मात्र मी नंतर मांडले. पहिल्याच फेरीत वेग साडेसदतीस टक्क्यांनी वाढला होता आणि उष्णता जवळजवळ दुप्पट झाली होती. ती वाहून नेण्यासाठी प्रोसेसरसोबत फुकट मिळालेला, मुठीएवढा अ‍ॅल्युमिनियमचा कूलर होता.

या उपचारानंतर संगणकाने बोलणेच टाकले. पंखा दोन सेकंद फिरे, थांबे, विचार केल्यासारखा करी आणि पुन्हा फिरे. पडदा काळाच. बायोसमधली चूक दुरुस्त करायला बायोसमध्ये जायला हवे आणि तिथे जायला संगणक सुरू व्हायला हवा! अशा वेळी मदरबोर्डवरच्या ठरावीक पिना क्षणभर जोडून सर्व नोंदी पुसता येतात. पण त्या पिना कोणत्या, हे सांगणारी पुस्तिका मागच्या दिवाळीत रद्दीबरोबर किलोच्या भावाने गेली होती. मग उरला एकच मार्ग. वीजजोडणी काढून, या नोंदी आणि घड्याळ जपणारी, बोर्डवरची रुपयाएवढी सीआर २०३२ बॅटरी दहा मिनिटे बाहेर ठेवायची. ती मी स्क्रूड्रायव्हरने उचकटली. तिने उडी मारली आणि ती थेट गोदरेजच्या कपाटाखाली गेली. कपाट एकट्याने हलणारे नव्हते. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यात नेमकी तीच बॅटरी असते, हे आठवल्याचा मला त्या क्षणी अभिमान वाटला.

एवढ्यात बाबा आले. त्यांची हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. सगळा इतिहास ऐकून घेऊन ते म्हणाले, “तीन गोष्टी एका दमात बदलल्यास, मग दोष कुणाचा हे तुला कळणार कसं?” पाठोपाठ, “आणि गाडीला गव्हर्नर काय शोभेला लावतात?” गव्हर्नर म्हणजे गाडीचा वेग मर्यादेबाहेर जाऊ न देणारे यंत्र. नंतर त्यांनी टॉर्च मागवली आणि एका बोटाने कूलर दाबून पाहिला. तो हलला. त्याच्या चार खुंट्यांपैकी एक बोर्डात बसलीच नव्हती, आणि ती मी संगणक जुळवला त्या दिवसापासून तशीच होती. म्हणजे इतकी वर्षे बिचारा प्रोसेसर तीन पायांवर संसार करत होता.

जुनी पेस्ट पुसून मी प्रोसेसरची उष्णता कूलरकडे पोचवणारी थर्मल पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी नव्याने लावली. “ग्रीसच ना ही?” बाबांनी विचारले. मी हो म्हटले. त्यानंतर त्यांच्या देखरेखीखाली एका वेळी एकच आकडा आणि तोही एकेका पायरीने, अशी चढण सुरू झाली. ४० पर्यंत सारे सुरळीत झाले, ४१ वर पडदा गोठला. ४० वर मुक्काम ठरला. तेवढ्यात एकही संकेतस्थळ उघडेना. प्रत्येक स्थळ असुरक्षित असल्याचे ब्राउझर बजावू लागला. कारण शोधता कळले की बॅटरी निघाल्यामुळे संगणकाच्या लेखी १ जानेवारी २०१४ उजाडली होती, आणि तारीख चुकली की संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे ब्राउझरला अवैध वाटतात. हा प्रोसेसर बाजारात आला त्या वर्षीच्या जूनमध्ये. स्वतःच्या जन्माआधीच तो माझा व्हिडिओ करायला बसला होता.

तारीख दुरुस्त केली. व्हिडिओ एक तास छत्तीस मिनिटांत झाला. मी उरलेल्या सहा मिनिटांचा विषय काढला, तेव्हा बाबांनी संगणकाचे झाकण स्वतःच्या हाताने लावून चारही स्क्रू घट्ट पिळले. चकलीची भाजणी पत्नीने त्या रविवारी वाटीने मोजली, कारण काटा अजून बंदच होता, आणि कपाट हलवायला यायला बाबांनी साफ नकार दिला.